कोकणातल्या परसात वांगी: गणपतीत बी, दसऱ्याला रोप, मार्गशीर्षात फळ

कोकणातल्या कितीतरी परसांत दरवर्षी हेच घडतं. वांग्याचं रोप जोमानं वाढतं, फुलावर येतं, पहिलं वांगं सुपारीएवढं होतं आणि एका दुपारी अख्खं झाड हिरवंच्या हिरवं मान टाकतं. संध्याकाळी जरा सावरल्यासारखं वाटतं, म्हणून तांब्याभर पाणी जास्त घातलं जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाड संपतं आणि आठवड्याभरात शेजारचंही त्याच वाटेनं जातं. मग वाळवी, उन्हाचा कडाका, कोणाची तरी नजर अशी कारणं निघतात. बहुतेक वेळा खरं कारण असतं मर रोग. तांबडी आम्लधर्मी माती, अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही उबदार हवा, असं त्याला हवं ते सगळं इथे आयतं मिळतं. त्यामुळे घाटावरच्या माणसानं सांगितलेली वांग्याची लागवड इथे जशीच्या तशी चालत नाही. कोकणात वांगी पिकवायची म्हणजे जागा, जात, पाणी आणि हंगाम या चारही गोष्टी मर डोळ्यांसमोर ठेवून ठरवायच्या. अळी, खत, छाटणी हे सगळं त्यानंतर.

आधी मेलेल्या झाडाची परीक्षा

गेल्या वर्षी झाडं गेली असतील किंवा आत्ता एखादं मान टाकत असेल, तर ते फेकायच्या आधी पाच मिनिटं द्या. जमिनीलगतचा खोडाचा चार बोटं लांब तुकडा धारदार सुरीनं कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो हातात धरा किंवा दोऱ्यानं टांगा. पेला हलू देऊ नका. मर असेल तर दोन ते पाच मिनिटांत त्या टोकातून पांढरट तार सुटते आणि उदबत्तीच्या धुराची रेघ उलटी होऊन खाली उतरावी तशी तळाशी जाते. हे जिवाणू. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्यांनीच बुजवलेल्या असतात, म्हणून मुळाशी ओल असूनही झाड तहानेनं मरतं. जास्त पाणी घालून ते वाचत नाही, उलट शेजारच्या झाडांकडे रोग लवकर पोचतो.

तार सुटली नाही तर मुळं धुऊन बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. जमिनीलगत खोड तपकिरी होऊन त्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर बुरशीजन्य कूज. खोड आतून पोकळ आणि मातीनं भरलेलं असेल तर वाळवी खरोखरच दोषी.

मरचे जिवाणू जमिनीत काही वर्षं राहतात. टोमॅटो, मिरची, बटाटा ही वांग्याचीच भावंडं, त्यांच्यावरही ते जगतात, आणि बांधावर आपोआप उगवणाऱ्या कामोणीवरही. म्हणून पेल्यात तार दिसली त्या जागी निदान तीन वर्षं यातलं काहीही लावायचं नाही. तिथे भेंडी, चवळी, मका, पडवळ, लाल माठ चालेल, आणि कामोणी दिसेल तिथे उपटायची.

जागा

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. पोफळीच्या बागेत किंवा घराच्या उत्तरेला लावलेलं वांगं नुसतं उंच होतं, त्याला पानं येतात, वांगी येत नाहीत. उंच जुन्या माडांच्या मधे ऊन पुरेसं पडत असेल तर हरकत नाही.

मोरीचं पाणी जिथे जातं तिथे वांगं लावायची पद्धत फार घरांत आहे. ती सोडावी. तिथली माती बारा महिने ओली राहते आणि मरला तेच आवडतं. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ ठेवा, वांग्याला कोरडी उंच जागा द्या.

सगळ्यात चांगली जागा कोणती, तर भात कापल्यावर मोकळं झालेलं घराजवळचं खाचर. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत मरचा जोर बराच कमी झालेला असतो, म्हणून वायंगणी, म्हणजे भातानंतर दुसरं पीक घेतात त्या जमिनीवरची वांगी परसातल्यापेक्षा निरोगी दिसतात. हळवं भात लवकर निघत असेल तर हे सहज जमतं. गरव्या भाताच्या खाचरात लावणी नोव्हेंबरपर्यंत लांबते, तरी चालेल. खाडीलगतची खार जमीन मात्र नको.

कातळावर घर असेल तर खड्डे फोडत बसू नका. जांभ्याचे चिरे आडवे लावून दीड फूट उंचीची चौकट करा आणि त्यात माती भरा. तळाला चार बोटं चिऱ्याचे तुकडे, वर माती. पुळणीच्या जमिनीत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाळूत, पाणी छान निचरतं पण खत टिकत नाही आणि सूत्रकृमी जास्त असतात. तिथे शेणखत दीडपट घाला आणि आदल्या पावसाळ्यात त्या जागी दाट झेंडू लावा. फुलं सणाला वापरा आणि दसऱ्यानंतर झाडं तिथेच चिरून मातीत मिसळा. वांग्याची लावणी मग दोन आठवड्यांनी.

चार माणसांच्या घराला आठ झाडं पुरतात. अडीच फुटांवर दोन ओळी, प्रत्येकीत चार, म्हणजे पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब एवढीच जागा.

जात निवडताना

बाजारातली सुंदर वांगी बघून त्याच जातीचं बी आणायचा मोह होतो. मांजरी गोटा किंवा वैशाली या घाटावरच्या नावाजलेल्या जाती. भरल्या वांग्याला वैशालीसारखं वांगं नाही. पण ज्या परसात मर आहे तिथे त्या टिकतीलच याची खात्री नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेली 'कोकण प्रभा' मर सहन करते, कोकणात सुरुवात तिच्यापासून करावी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का केशव, अर्का निधी आणि अर्का नीलकंठ या तीन जातीही मरला दाद देत नाहीत. केशव आणि निधी लांबट, नीलकंठ आखूड, आणि तिन्ही घोसात लागतात. गोल भरताचं वांगं हवं असणाऱ्यांची यानं निराशा होईल हे खरं. त्यांच्यासाठी पुढे कलमाचा उपाय दिला आहे. गोव्याजवळ राहणाऱ्यांनी आगशीची वांगी जरूर लावून बघावी. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे वाण तिथल्या मातीत पिढ्यान् पिढ्या रुळलेलं आहे आणि त्याचे काप तर काय सांगावेत.

माती मे महिन्यातच भरून ठेवा

बहुतेकजण इथेच चुकतात. बी पेरायचं सप्टेंबरात आणि तेव्हा अंगणातली माती चिखल झालेली. त्या चिखलात टाकलेलं बी कुजतं किंवा उगवून आडवं पडतं. म्हणून रोपांची माती पावसाआधी तयार करायची.

भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, जिथे राब (पालापाचोळा, शेण) भाजतात तिथली वरची तीन बोटं माती सगळ्यात उत्तम. आगीनं तिच्यातली बुरशी आणि तणाचं बी मेलेलं असतं, वर राखही मिसळलेली असते. राब नसेल तर मे महिन्यात एक घमेलं माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात तीन-चार आठवडे दाबून ठेवा, कडा मातीनं बंद करा. मग पोत्यात भरून पडवीत ठेवा.

सप्टेंबरात या मातीचे दोन भाग, चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि काथ्याचा भुसा एक भाग असं मिसळा. भुसा घरच्या नारळाच्या सोडणांचा असेल तर आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या. खाडीत कुजवलेल्या सोडणांत मीठ असतं आणि त्यानं कोवळी मुळं करपतात. घमेलाभर मिश्रणाला ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची) पूड दोन चमचे.

पेरणी आणि रोपं

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य, म्हणजे साधारण गणपतीच्या आगेमागे पेरायचं. पाच आठवड्यांनी, पाऊस परतीला लागला की रोपं लावणीला येतात. लावणीपासून पहिल्या तोडणीला साठ ते सत्तर दिवस धरा, म्हणजे फळ मार्गशीर्षाच्या सुमाराला. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांना चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यासाठी घरचं वांगं हवं असेल तर पेरणी नारळी पौर्णिमेपर्यंत मागे न्यावी लागते. तेव्हा पाऊस भरात असतो, त्यामुळे रोपं पडवीच्या कडेलाच वाढवावी लागतात आणि लावणीही उंच वाफ्यावरच करावी लागते. श्रावण-भाद्रपदात वांगं का वर्ज्य असावं हे कोकणातलं पावसाळी वांगं चिरून बघितलं की कळतं. दहातली सात अळीची निघतात.

एका ग्रॅममध्ये दोनशेहून जास्त बिया असतात. आठ झाडांसाठी पंचवीस बिया पुष्कळ. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी निथळून चिमूटभर ट्रायकोडर्मात घोळवा. ट्रेच्या प्रत्येक घरात किंवा कागदी पेल्यात एकेक बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. पेल्याच्या बुडाला तीन भोकं पाडायला विसरू नका. सहा ते दहा दिवसांत कोंब वर येतात.

उगवल्यावर रोपांना पावसाच्या थेंबांपासून वाचवायचं, पण सावलीत कोंडायचं नाही. बांबूच्या चौकटीवर पारदर्शक प्लास्टिक, चारी बाजू उघड्या. सावलीतली रोपं सुतळीसारखी लांबतात आणि लावल्यावर वाकतात. पाणी सकाळीच आणि बेतानं द्या. संध्याकाळी भिजवलेल्या ट्रेमध्ये रोपं जमिनीलगत सुतासारखी बारीक होऊन कोलमडतात. एक-दोन कोलमडली तर ती मातीसकट काढा, दोन दिवस पाणी बंद ठेवा. लावणीआधी आठवडाभर पाणी निम्मं करून रोपं उघड्यावर ठेवा. खोड जांभळट आणि टणक झालं, चार-पाच खरी पानं आली, उंची वीतभराच्या आतबाहेर झाली की रोप तयार.

कलम करायचं असेल तर

मरच्या जमिनीत हवी ती जात लावायची तर रानवांग्याच्या खुंटावर कलम हा खात्रीचा उपाय. हे झाड म्हणजे सोलॅनम टोर्व्हम, बांधावर मोठं झुडूप होऊन वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे झुबके लागणारं. त्याची मुळं मरला आणि सूत्रकृमींना पुरून उरतात. त्याचं बी उगवायला आणि वाढायला हळू, म्हणून वांग्याच्या बियांपेक्षा तीन ते चार आठवडे आधी पेरायचं.

दोन्ही रोपांची खोडं सारख्या जाडीची, आगपेटीच्या काडीएवढी झाली की नव्या पात्यानं खुंट मातीपासून चार बोटांवर आडवा कापा आणि मधोमध एक सेंटीमीटर चीर द्या. वांग्याचा शेंडा दोन पानं ठेवून घ्या, खालचं टोक पाचरीसारखं तासा, चिरीत बसवा आणि कलमाची चिमटी लावा. आठवडाभर पिशवीखाली दमट सावलीत ठेवा, मग रोज थोडी थोडी पिशवी उघडा. आंब्याचं कोयकलम ज्याच्या हातात बसलंय त्याला हे अवघड नाही. वांगं तर आंब्यापेक्षा लवकर सांधतं. लावताना जोड मातीच्या वरच राहायला हवा. जोड मातीत गेला की वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात, त्यांतून मर शिरते आणि केलेली मेहनत वाया.

खड्डा आणि लावणी

लावणीच्या तीन आठवडे आधी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डे घ्या. तांबड्या मातीतला आंबटपणा कमी करायला प्रत्येक खड्ड्याच्या मातीत शंभर ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. शिंपल्यांचा विझवलेला चुना मिळाला तर पन्नास ग्रॅम पुरे, तो जास्त तीव्र असतो. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालायचं नाही, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. चुन्यानंतर पंधरा दिवस जाऊ द्या, मग खड्ड्याला अडीच-तीन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, शंभर ग्रॅम निंबोळी पेंड आणि एक मूठ चुलीतली राख मिसळून माती परत भरा. ती जमिनीपेक्षा वीतभर उंच राहू द्या. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, सपाट खड्ड्यात तेव्हा पाणी तुंबतं. अर्धकच्चं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं हवं.

रासायनिक खत वापरणाऱ्यांनी लावणीच्या वेळी झाडामागे दहा ते पंधरा ग्रॅम १५:१५:१५ खोडापासून चार बोटं लांब गोल टाकून मातीआड करावं.

लावणी संध्याकाळी चारनंतर. पेला फाडून मातीचा गोळा न फोडता रोप ठेवा आणि पहिल्या पानांच्या जरा खालपर्यंत मातीत घ्या. कलमाचं रोप असेल तर मात्र पेल्यात होतं तेवढंच. भोवतालची माती हातानं दाबा, लिटरभर पाणी द्या. ऑक्टोबरचं ऊन रोपाला सोसत नाही, म्हणून पाच-सहा दिवस सागाचं पान किंवा चुडताचा (माडाच्या झावळीचा) तुकडा दक्षिण-पश्चिम बाजूला तिरका खोचा. त्याच दिवशी प्रत्येक झाडाजवळ तीन फुटी मेसकाठी (बारीक बांबूची काठी) रोवून ठेवा. पुढे काठी रोवताना मुळं तुटतात आणि तुटलेलं मूळ म्हणजे मरला उघडं दार.

कुंडीत लावणाऱ्यांनी वीस लिटरची पिशवी किंवा बादली घ्यावी, एकीत एकच झाड. जागा नसणाऱ्यांसाठीच नव्हे, मरनं हैराण झालेल्यांसाठीही हा चांगला मार्ग आहे. पिशवी थेट जमिनीवर न ठेवता दोन चिऱ्यांवर ठेवा.

पाणी आणि भर

पहिले दहा दिवस रोज थोडं. मग डिसेंबर-जानेवारीत दर दोन-तीन दिवसांनी झाडाला दोन ते तीन लिटर, फेब्रुवारीपासून दिवसाआड, मार्चअखेर रोज. जांभ्याच्या मातीत पाणी झरझर खाली जातं, त्यामुळे आठवड्याला एकदा भरपूर देण्यापेक्षा थोडं पण नेमानं बरं. बोट दोन पेर मातीत घालून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

पाटानं एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी सोडायची शिंपण्याची रीत माडाला ठीक, वांग्याला नाही. एका झाडाचा रोग त्याच पाण्यातून रांगभर जातो. बादलीनं किंवा ठिबकनं प्रत्येक झाडाला वेगळं पाणी द्या. मार्चनंतर किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. पानांच्या कडा करपायला लागल्या तर आधी पाण्याची चव घ्या, रोगाचा विचार नंतर.

पाऊस पूर्ण थांबला की झाडाभोवती पातेऱ्याचा, म्हणजे वाळलेल्या पानांचा, चार बोटं थर द्या, खोडाला न चिकटवता. त्यानं पाणी निम्म्यावर येतं आणि खुरपणीही टळते. पहिल्या महिन्यानंतर झाडाजवळ कुदळ-खुरपं चालवायचंच नाही, तण हातानं उपटायचं. तिसाव्या दिवशी पातेरा सारून प्रत्येक झाडाला एक किलो शेणखत आणि मातीची भर द्या. साठाव्या दिवशी पुन्हा तेवढंच. यूरिया देणार असाल तर दोन्ही वेळी चार-पाच ग्रॅमच, म्हणजे चहाचा सपाट चमचा. जास्त यूरिया दिलेल्या झाडाची पानं गडद आणि लुसलुशीत होतात, त्यावर तुडतुडे आणि अळी तुटून पडतात.

जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतचे खालचे फुटवे काढून टाका, वर तीन-चार फांद्या ठेवा. एका झाडाला हात लावल्यावर कात्री राखेच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसली तरच पुढच्या झाडाकडे जा.

फुलं गळतात, पण सगळी काळजीची नसतात

फूल गळालं की लोक लगेच फवारणीच्या बाटलीकडे वळतात. आधी फूल उलटं करून मधोमध बघा. पिवळ्या परागकोषांच्या सुळक्यातून हिरवा दांडा टोकासारखा बाहेर आला असेल तर ते फळाचं फूल. दांडा आतच लपलेला, आखूड असेल तर त्या फुलाला वांगं धरतच नाही, ते गळणारच. प्रत्येक झाडावर दोन्ही तऱ्हांची फुलं असतात. आखूड दांड्याचीच फुलं जास्त दिसली तर झाड उपाशी आहे किंवा सावलीत आहे असं समजा.

लांब दांड्याची फुलंही गळत असतील तर पराग सुटत नाहीये. वांग्याचा पराग हादऱ्यानं सुटतो. काळे भुंगे पंख गुणगुणत फुलाला हादरवतात, मधमाशीला ते जमत नाही. भुंगे कमी असतील तर सकाळी आठ-नऊच्या दरम्यान फुलाच्या मागच्या देठाला बोटानं तीन-चार टिचक्या मारा. मार्चअखेर पारा ३५ अंशांच्या वर गेला की मात्र टिचक्यांनीही फार फरक पडत नाही.

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी

मर झाडं मारते, ही अळी वांगी नासवते. पतंग रात्री पानांवर एकेक अंडं घालतो. तीन ते पाच दिवसांत अळी निघते आणि तासाभरात शेंड्यात किंवा फळात घुसते. एकदा आत गेली की वरून मारलेला कोणताही फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारून फवारून हैराण झालेल्यांनी नेमकं हेच लक्षात घ्यायला हवं.

तेव्हा उपाय हातानंच. रोज सकाळी एक फेरी. बाकी झाड ताठ आणि एखादाच शेंडा मान टाकलेला दिसला की मुरगळलेल्या जागेच्या दोन बोटं खाली खुडा. नखानं उभा चिरा, आत भुश्यासारखी विष्ठा आणि मळकट गुलाबी अळी दिसेल. चिरलेल्या शेंड्यात अळी नसेल तर ती अजून खाली आहे, आणखी बोटभर खुडा. फळावर टाचणीएवढं भोक दिसलं तर ते वांगं लहान असो की मोठं, लगेच काढा. हे शेंडे आणि फळं खताच्या खड्ड्यात टाकू नका. अळी तिथे निवांत कोष करते आणि आठ-दहा दिवसांत पतंग होऊन परत येते. साबणाच्या पाण्यात दोन दिवस बुडवा, नाहीतर चुलीत घाला. पहिल्या कळीपासून नोव्हेंबर-डिसेंबरात महिनाभर ही फेरी नेमानं केली तर पुढचं अर्धं दुखणं वाचतं. फुटलेल्या नव्या फांद्यांना उलट जास्त फुलं येतात.

जोडीला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं पतंग ओढून घेणारा सापळा, लावा. त्यात फक्त नर पतंग सापडतात, त्यामुळे आठ झाडांच्या परसात तो पुरेसा उपाय नाही, पण पतंग कधी वाढले हे कळतं. तसं दिसलं की संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा. किनारपट्टीवर कडुनिंब विरळ, म्हणून निंबोळ्या गोळा करण्यापेक्षा १५०० पीपीएम ताकदीचं तयार निंबोळी औषध लिटरला पाच मिलिलिटर बरं. पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असं, दर आठ-दहा दिवसांनी. तीव्र रासायनिक कीटकनाशकं परसात नकोतच. वांगं दर चार-पाच दिवसांनी तोडायचं, आणि त्या औषधांना सांगितलेला थांबायचा काळ पाळायचा तर तोडणीच होत नाही.

बाकीची मंडळी

पानांची चाळणी करणारे तांबूस, ठिपक्यांचे भुंगेरे दिसले तर पानाखालची पिवळी उभी अंडी आणि काटेरी पिवळ्या अळ्या चिरडा. यांच्यासारखाच दिसणारा, पण चकचकीत पाठीचा ढालकिडा मावा खातो, त्याला मारू नका. तुडतुडे आणि मावा यांना सकाळी दवात चाळलेली राख पुरते. पानं बारीक होऊन झाडाचा झुडपासारखा गुच्छ झाला, फळ धरेनासं झालं, तर तो पर्णगुच्छ. तुडतुडे तो पसरवतात आणि त्याला औषध नाही, झाड उपटून जाळा. मार्चमध्ये पानं धुरकट पडून खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा तीन-चार दिवस लागोपाठ.

वानर आणि केलडी (लाल तोंडाची माकडं) येणाऱ्या गावात मेसकाठ्यांच्या मांडवावर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बसवा. आधी गोड्या पाण्यात धुऊन मीठ काढा, आणि जाळं सैल ठेवू नका, सैल जाळ्यात साप आणि पक्षी अडकतात. कोंबड्या पातेरा उकरतात, त्यांच्यासाठी खालून दोन फूट झापांची वई (विणलेल्या झावळ्यांचं कुंपण).

तोडणी आणि नंतर

फूल धरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत वांगं तोडायला येतं. आकारापेक्षा चकाकी बघा. साल आरशासारखी चमकते आहे आणि अंगठ्यानं दाबलेला खळगा लगेच भरून येतो आहे, तेव्हाच तोडा. साल मंद पडली की आतलं बी कडक आणि वांगं कडवट व्हायला लागतं. ओढू नका, फांदी चिरते. कात्रीनं बोटभर देठ ठेवून कापा. दर चार-पाच दिवसांनी तोडलं तर झाड मार्चअखेरपर्यंत देत राहतं. सुकटीत घालायचं तर अंमळ कोवळी, कापांसाठी पूर्ण वाढलेली.

एप्रिलमध्ये झाडं गुडघ्याखाली छाटून नवी फूट घ्यायचा सल्ला सगळीकडे मिळतो. कोकणात तो फारसा कामाचा नाही. नवी फूट मे महिन्यात फुलावर येते आणि मृगाच्या पावसात झाड मरनं किंवा फळकुजीनं जातं. कुंडीतली दोन झाडं तेवढी छाटून पडवीत घ्या, बाकी मेच्या मध्यापर्यंत मुळासकट उपटून जाळा.

संकरित नसलेल्या जातीचं बी मात्र त्याआधी धरून ठेवा. फेब्रुवारीत, सगळ्यात निरोगी झाडावरचं, भोक नसलेलं एक वांगं न तोडता सोडा. पूर्ण पिवळं पडून मऊ झालं की कापून गर बादलीभर पाण्यात चोळा. तरंगेल ते टाका, तळाला बसेल ते बी. फडक्यावर सावलीत चार-पाच दिवस वाळवा, दातांखाली कट्‌कन तुटलं की वाळलं. कोरड्या राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा माळ्यावर ठेवा, पावसाळ्यात स्वयंपाकघरातली दमट फळी त्याला सोसत नाही.